दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने

आमचा बँड फक्त गुरुवारी जमायचा आणि गुरुवारी आमच्याकडे वीज नसायची. रॉक बँडच्या आठवणी या वाक्याने सुरू कराव्या लागतात याचं मला वाईट वाटतं. पण वाईट मला कशाचंही वाटतं, तेव्हा त्याकडे फार लक्ष देऊ नये.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखान्यांची आठवडी सुट्टी गुरुवारी. रविवारी पुणं बंद, गुरुवारी आम्ही बंद, म्हणजे वीज सगळ्यांना पुरते, असा सरळ हिशेब होता. गुरुवारी सकाळी गेलेली वीज दिवेलागणीला यायची. इतर दिवशी वीज असायची, पण आम्ही नसायचो. कोणी पहिल्या शिफ्टला, कोणी दुसऱ्या, कोणी तिसऱ्या. आठवडा बदलला की सगळे एकेक घर पुढे सरकायचे आणि एकमेकांपासून पुन्हा तितकेच लांब राहायचे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हा उद्योग सुरू झाला. आम्ही चौघं होतो. ड्रमवाल्याच्या अब्बांचं कासारवाडीला, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला गॅरेज होतं आणि तो तिथेच मेकॅनिक होता. शिफ्टच्या कटकटीतून सुटलेला आमच्यातला तो एकटाच. गिटारवाला देहूरोडचा. त्याचे वडील लष्कराच्या डेपोत होते, तो स्वतः आमच्या शेजारच्या कारखान्यात होता. लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार तो जुन्या चादरीत गुंडाळून आणायचा, कारण आईला ती नजरेसमोर नको असायची. गाणारा लातूरकडचा, फिटर. पिंपळे गुरवला थोरल्या भावाच्या घरी राहायचा. चौथा मी. मी चिंचवडचा, इन्स्पेक्शनमध्ये होतो आणि बेस गिटार वाजवायचो.

इन्स्पेक्शनचं काम म्हणजे तयार झालेला माल मोजून पास किंवा नापास करणं. मला नापास करायचं जिवावर यायचं. एखादा जॉब रिजेक्ट केला की मी स्वतः त्या ऑपरेटरच्या मशीनपाशी जाऊन सांगायचो, "वाईट वाटून घेऊ नका, थोडक्यात गेला." ऑपरेटर म्हणायचे, "आम्हाला काही वाटत नाही साहेब, तुम्हीच जरा पाणी प्या." बँडमध्येही माझं हेच चालायचं. गाणं कुठेही फसलं तरी आधी मी म्हणायचो, "माझं चुकलं." ड्रमवाला म्हणायचा, "राव, तू अजून वाजवायला सुरुवातच केली नाहीस. थांब की जरा."

तालमीला गॅरेज मिळायचं ते गुरुवारीच. वीज नाही म्हणजे वेल्डिंग नाही, कॉम्प्रेसर नाही, म्हणून गॅरेज रिकामं. संध्याकाळी वीज आली की दिवसभर अडलेलं वेल्डिंग सुरू व्हायचं आणि अब्बा आम्हाला हात जोडून बाहेर काढायचे. त्यामुळे आमची अॅम्प्लिफायरची पेटी कोपऱ्यात असायची, तिच्यावर अब्बांचा डबा असायचा आणि आम्ही विजेशिवाय रॉक वाजवायचो.

विजेशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज किती येतो हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी एखाद्या चाळणीवर नख ओढून बघावं. तो आवाज ऐकू यावा म्हणून ड्रमवाल्याने ड्रम बाजूला ठेवले आणि स्कूटरच्या रेक्झिनच्या सीटवर बोटांनी वाजवायला लागला. सीटचा आवाज गिटारवर चढू नये म्हणून तोही हळूहळू कमी करत गेला. गाणारा दोघांच्या वर जाऊ नये म्हणून कानात गुपित सांगावं तसा गायचा. माझी बेस गिटार तर कोणालाच ऐकू यायची नाही. मलाही नाही. मध्येच ड्रमवाला विचारायचा, "भावा, तू आहेस ना? का चहाला गेलास?" मी मान हलवून, आहे असं सांगायचो आणि माफी मागायचो.

अब्बा दारातून बघायचे. एकदा म्हणाले, "कोणी आजारी आहे का घरात? इतक्या हळू काय करताय?"

अशी वर्षभर तालीम केल्यावर आमचा पहिला कार्यक्रम झाला. रहाटणीच्या एका मंडळाने गणपतीत बोलावलं होतं. आम्हाला वाटलं, आता काय, वीज असणार, सगळं सोपं. एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती की विजेवर आपण कसे वाजतो हे आपण कधी ऐकलेलंच नाही. पेटी चालू केली. गिटारवाल्याने गुरुवारच्या सवयीने, म्हणजे सगळा जोर लावून, पहिला झटका मारला. मंडपाच्या ट्यूबलाइट हलल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजीने दोन्ही कानांवर पदर घेतला. आणि ड्रमवाला सवयीने इतक्या नाजूकपणे वाजवत होता की मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, त्या ढोलवाल्याला उठवा रे!"

माझी बेस त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकली. वर्षभर मी एक सूर चुकीचा वाजवत होतो. बाकीचे तिघं एकदम माझ्याकडे वळून बघायला लागले. मी माइकपाशी जाऊन सगळ्या मंडळाची माफी मागितली. टाळ्या वाजल्या. त्या कार्यक्रमात वाजलेल्या तेवढ्याच.

त्यानंतर आम्ही शिकलो. गुरुवारी ड्रमवाला सीटवर खऱ्या काठ्यांनी, ताकदीनिशी मारायला लागला. त्यात गिटार ऐकू येत नसे, पण कोणाचा हात कधी कुठे जातो ते आम्ही डोळ्यांनी बघून पाठ केलं. गाणारा मोकळ्या गळ्याने गायला लागला. गणपती, कॉलनीची गॅदरिंगं, कधी एखाद्याची हळद, असं आमचं बरं चालू लागलं. इंग्रजी गाण्यांचे शब्द आम्हाला कळत नसत, ऐकणाऱ्यांनाही नसत, म्हणून तक्रार नव्हती. मग मंडळं सिनेमातली गाणी मागायची, तीही आम्ही वाजवायचो, जरा रागावून. आमची ख्याती एवढीच होती की ही पोरं फार मोठ्याने वाजवतात. एका मंडळाने तर आम्हाला मुद्दाम बोलावलं, कारण शेजारच्या मंडळाशी त्यांचं भांडण होतं.

ही ख्याती गाणाऱ्याच्या थोरल्या भावाच्या कानावर गेली. कानावर गेली असं मी म्हणतोय, पण खरं म्हणजे कोणीतरी त्याला ती दोनदा, तोंडाजवळ येऊन सांगितली असणार.

हा दादा प्रेस शॉपमध्ये होता. तिथे दिवसभर लोखंडी पत्र्यावर घण पडल्यासारखे प्रेस आदळतात. कारखाने नवे होते तेव्हा तो गावाकडून आला, सुरुवातीपासून प्रेसवर, आणि कानात घालायला कापसाचा बोळाही त्या काळी कोणी देत नसे. वडील लवकर गेले होते. धाकट्याला त्याने इथे आणलं, आयटीआय करवलं, नोकरीला लावलं. पण त्याला कमी ऐकू येतं ही गोष्ट त्या घरात कोणी बोलायचं नाही. तो स्वतः तर नाहीच. लोक हसले की तो हसायचा, जरासा उशिरा. प्रश्न विचारला की "हाव", म्हणजे हो, म्हणायचा. बहुतेक प्रश्नांना ते चालून जातं.

एका गुरुवारी गाणारा उशिरा आला आणि सीटवर बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं. "माझ्यामुळे का?"

"तुझ्यामुळं कशाला व्हईल? दादा म्हणलाय, बास झालं. दिवाळीपासून बंद. लोक नावं ठिवूलालेत म्हणं, कान फोडणारी पोरं."

"मग तू काय म्हणालास?" ड्रमवाल्याने विचारलं.

"म्हणलं, तू एकदा ऐक तरी. तर म्हणतो, ऐकायला काय हाय त्यात?" तो सीटचं रेक्झिन नखाने उकरू लागला. "गावाकडं मी भजनात गायचो ना, तवा ह्यो मला खांद्यावर घिऊन बसायचा. हितं आल्यापासून माझा आवाज त्याला ठावंच न्हाई. घरात गायलो तर म्हणतो, काय पुटपुटूलालास. इतक्या वर्षांत गाण्याची एक वळ त्याच्यापतुर गेली न्हाई."

गिटारवाला म्हणाला, "मग आपल्याइतका मोठ्याने वाजवणारा बँड दुसरा कुठे आहे?"

ते खरं होतं. सगळा पट्टा आमच्या ज्या गोष्टीला वैतागला होता तीच उपयोगाची होती.

गाणाऱ्याने घरी जाऊन दादाशी करार केला. कॉलनीच्या गणपतीत आमचा कार्यक्रम होता. दादाने यायचं, पुढे बसायचं, आमचं स्वतःचं एक गाणं ऐकायचं. ते ऐकू आलं नाही किंवा नाही पटलं, तर गाणारा दुसऱ्या दिवसापासून बँड सोडणार. दादाने "हाव" म्हटलं. ते त्याने ऐकून म्हटलं की सवयीने, याची खात्री करायला गाणाऱ्याने वहिनीकरवी तेच त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

स्वतःचं गाणं आमच्याकडे एकच होतं. गाणाऱ्याने तिसऱ्या शिफ्टवर लिहिलेलं, मराठीत. कोणत्याही मंडळाने ते आम्हाला पुरतं वाजवू दिलं नव्हतं. आता ते वाजवायचं होतं आणि त्यासाठी कामाच्या दिवशी संध्याकाळी चौघंही मोकळे हवे होते. त्या आठवड्यात गाणारा आणि मी, दोघांची दुसरी शिफ्ट होती.

गाणाऱ्याने त्याच्या सुपरवायझरला मावशी वारल्याचं सांगितलं आणि लगेच बदली मिळवली. ही मावशी आमच्या बँडपायी पूर्वीही एकदोनदा वारली होती. मला ते जमेना. मी माझ्या साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, उद्या पहिली शिफ्ट हवी. संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "खरं सांग. कोण गेलं?"

"कोणी नाही साहेब. कार्यक्रम आहे."

"वडील?"

"वडील घरी आहेत साहेब."

"हे बघ, असं मनात ठेवू नये. चेहराच सांगतोय तुझा." त्यांनी कागदावर सही केली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "दोन दिवस घे."

मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, तर त्यांनी शिपायाला माझ्यासाठी चहा सांगितला. न मेलेल्या माणसाच्या दुखवट्याचा तो चहा मी प्यालो. पुढे कित्येक महिने साहेब मला हळू आवाजात विचारायचे, "आई कशी आहे आता?" आणि आई खरंच चांगली असायची, म्हणून मी काय उत्तर द्यावं ते मला कळायचं नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही आवाजाची पेटी मंडपाच्या डाव्या हाताला लावली आणि तिच्या अगदी पुढ्यात एक खुर्ची ठेवली. दादा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावलेले केस. वहिनी बायकांच्या बाजूला बसली. गाणाऱ्याने दादाला हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं. मानाच्या पाहुण्याला बसवावं तसं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "आधी सिनेमाची दोन घ्या. मग तुमचं ते काय असेल ते."

आम्ही दोन घेतली. पहिल्या गाण्यात दादाच्या आजूबाजूच्या चार खुर्च्या रिकाम्या झाल्या. दुसऱ्यात मागची रांग उठली. दादा हाताची घडी घालून, समोर बघत, एकटा बसून होता. चेहऱ्यावर काही नाही. ड्रमवाला माझ्याकडे वाकून म्हणाला, "राव, हा माणूस प्रेसवर बसलाय असं समजून बसलाय."

मग आमचं गाणं. मी बेसच्या पेटीचा आवाज जाईल तेवढा वर नेला. गिटारवाल्यानेही नेला. अध्यक्षांनी कानावर हात ठेवून दुसऱ्या हाताने आम्हाला खाली, खाली अशी खूण केली. मी त्यांना नमस्कार केला. माफीचाच होता तो, पण त्यांना वाटलं असावं की मी सुरू करायची परवानगी मागतोय, आणि त्यांनी मान हलवली.

भोंगा झाला, शिफ्ट सुटली, सायकलीला टांग,
दूधवाल्या, तुझी सकाळ कुठून आली सांग.

गाणारा गावाकडच्या भजनासारखा, गळ्याच्या शिरा ताणून गात होता. दादाने हाताची घडी सोडली. मी त्याच्याकडेच बघत होतो, म्हणून माझे दोन सूर चुकले. तो पुढे वाकला. मग त्याने खुर्ची उचलली, पेटीला आणखी चिकटवली आणि पेटीच्या लाकडावर तळहात टेकवून बसला.

दार ढकललं, दिवा विझला, चूल अजून ऊन,
वहिनीनं चहा ठेवलाय पितळीखाली झाकून.

या ओळीनंतर आमच्या गाण्यात एक थांबा होता. सगळी वाद्यं एकदम बंद, मग ड्रमचा एक जोरदार ठोका आणि पुन्हा सुरुवात. त्या थांब्यात दादा उभा राहिला. प्रेस शॉपमधली माणसं बोलतात तशा आवाजात तो ओरडला,

"चहा म्या ठिवतो! ती तर घोरूलालेली असती!"

मंडप असा हसला की आमच्या सगळ्या पेट्या त्यापुढे कमी पडल्या. बायकांच्या बाजूने वहिनीचा आवाज आला, "अगं बया! चारचौघांत काय बोलूलालेत हे!"

"खरं त्येच बोलूलालोय!" दादा तिकडे वळून म्हणाला. तेही त्याला ऐकू आलं होतं, की वहिनीच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, ते मला सांगता येणार नाही. मग तो पुन्हा भावाकडे वळला. "पाच वर्सं झाली, चहा म्या ठिवतो! पितळी खरी हाय. चहा माझा!"

गाणारा पाठमोरा झाला होता. माइक त्याच्या हातात तसाच होता आणि त्यातून नाक ओढल्याचा आवाज सगळ्या कॉलनीला ऐकू जात होता. ठोका द्यायचा होता तो ड्रमवाला विसरला. काहीतरी करायला हवं म्हणून मी दुसऱ्या माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "माफ करा दादा, चूक झाली."

"ह्याने नाही केली!" ड्रमवाला मागून ओरडला. "ह्याचं हे रोजचंच आहे!"

पुन्हा हशा. मग ड्रमवाल्याला ठोका आठवला, त्याने तो दिला आणि गाणं पुढे गेलं. गाणाऱ्याला दोन ओळी सोडाव्या लागल्या, पण शेवट त्याने नीट गायला.

नंतर तो आम्हाला म्हणाला की पहिल्यांदा त्याने ओळीत दादाच लिहिला होता. पण भाऊ पहाटे उठून चहा करतो हे लोकांत म्हणायला त्याला लाज वाटली, दादालाही कमीपणा येईल असं वाटलं, म्हणून वहिनी घातली. दादा तर आपला चहा दुसऱ्याच्या नावावर गेला म्हणून चिडला होता.

वाद्यं आवरताना दादा स्टेजच्या मागे आला. त्याने भावाला काही म्हटलं नाही. मलाच विचारलं, बहुतेक मी सगळ्यांत घाबरलेला दिसत होतो म्हणून.

"दर टायमाला इतकंच मोठ्यानं वाजवता का?"

"हो दादा. माफ करा."

"न्हाई, न्हाई," तो म्हणाला. "ह्याच्याखाली येऊ नका." मग भावाकडे बघून, "चुलीचं बरं लिवलंस. ऊन असती. आन तुझा आवाज आजून अण्णांसारखाच हाय." अण्णा म्हणजे त्यांचे वडील. गाणाऱ्याने मान खाली घातली आणि एक वायर गुंडाळायला लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

बँड बंद झाला नाही. पुढे ऐंशीनंतरही दोनतीन वर्षं चालला. गिटारवाल्याला दुसरीकडे नोकरी लागली, अब्बांनंतर ड्रमवाल्यावर गॅरेज पडलं, आणि मग कोणाशी न भांडता आम्ही थांबलो. तोवर दादा प्रत्येक कार्यक्रमाला यायचा. ओळ बदलली होती. 'वहिनीनं'च्या जागी 'दादानं' घातल्यावर चालीत एक अक्षर कमी पडायचं आणि तिथे ड्रमवाला एक जास्तीचा ठोका मारायचा. ती ओळ आली की दादा आजूबाजूला बघायचा, सगळ्यांनी नीट ऐकलं ना याची खात्री करायला.

पेटीला चिकटून बसणारा पांढऱ्या शर्टातला माणूस म्हणून मंडळवाल्यांना तोच आमचा मॅनेजर वाटायचा. ते त्याच्याशी बोलणी करायचे आणि तो सगळ्याला "हाव" म्हणायचा. त्यामुळे आम्ही एका बारशाला वाजवलं. बाळ दोन दिवस झोपलं नाही असं नंतर कळलं. मी त्या घरी जाऊन माफी मागून आलो.

एकदा चाकणकडून एक गृहस्थ आले होते. तिकडच्या जत्रेत त्यांना बँड हवा होता. कार्यक्रम संपल्यावर ते थेट दादाकडे गेले. आम्ही बाजूलाच वायरी आवरत होतो. त्यांनी विचारलं, "पोरं बरी गातात का?"

दादाच्या तोंडून आता "हाव" येणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्याने कानामागे तळहात धरला, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणाला, "मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

गृहस्थांनी मोठ्याने विचारलं. गाणारा हातातली वायर तशीच धरून उभा राहिला.

"बरं का वाईट ते दुसऱ्या कुणाला इचारा," दादा म्हणाला. "मला ऐकू येऊलालंय, येवढंच मी सांगतो."

गृहस्थ काय समजले कोण जाणे. पण त्यांनी आम्हाला जत्रेला बोलावलं.